रेडिएशनला नेमकं कुठं घाबरायचं? आत्त्याचा एक्सरे आणि शिरोलीतलं भंगार

गेल्या पावसाळ्यात आमची आत्त्या बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याला मार लागला. आठवड्याभरात तीन एक्सरे आणि एक सीटी स्कॅन झाला, हाड मोडलं नव्हतं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण घरी आल्यावर आठ महिन्यांचा नातू रांगत तिच्याकडं यायला लागला की ही मागं सरकायची. दोन दिवस बघितलं, मग तिनंच मला बाजूला बोलवून हळूच विचारलं, "व्हय रं, माझ्या अंगात ती किरणं साठली असतील न्हवं? पोराला जवळ घेऊ का नको?"

त्याच आठवड्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्या मित्राचा फोन आला. भंगाराच्या ट्रकमधनं एक डबडं आलंय, दीड वितीचं असंल, पण दोघांना उचलेना, आणि वर पिवळ्या रंगात तीन पाकळ्यांचं पुसट चिन्ह आहे. "शिसं असणार भावा, फोडून विकतो, भाव चांगला येईल." फोटो त्यानं डबड्याला टेकून उभं राहून काढला होता.

तीन पाकळ्यांचं ते चिन्ह म्हणजे रेडिएशनच्या धोक्याची खूण. मी वीस वर्षं कास्टिंगच्या, म्हणजे भट्टीतल्या ओतीव मालाच्या, इन्स्पेक्शनमध्ये काढली, रेडिएशनचं ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेट घेतलं, आणि मला सगळ्यात जास्त टोचते ती ही गोष्ट. जिला घाबरायचं काही कारण नव्हतं ती रात्र रात्र जागी, आणि ज्यानं पन्नास मीटर लांब पळायला पाहिजे तो डबड्याला टेकून फोटो काढतोय. आपल्या कोल्हापुरात गल्लोगल्ली एक्सरे सेंटर आहेत आणि उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंत भट्ट्या आहेत, म्हणजे हा विषय दोन्हीकडनं आपल्या दारातला आहे. म्हणून सगळं एकदा मुळापासनं लिहून काढतोय.

आधी मुळातनं, रेडिएशन म्हणजे काय

एका जागेवरनं निघून दुसरीकडं जाणारी ऊर्जा म्हणजे रेडिएशन, बस्स एवढंच. ऊन पण रेडिएशन, चुलीची धग पण, मोबाईलचं नेटवर्क पण. घोळ होतो तो सगळ्याला एकच शब्द वापरल्यामुळं. यातले काही किरण इतके जोरकस असतात की अंगातनं जाताना अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि त्यात पेशीतला डीएनए तुटू शकतो. याला आयनीकरण करणारं रेडिएशन म्हणतात, आणि इथून पुढं मी नुसतं रेडिएशन म्हटलं की हेच समजायचं. एक्सरे यात येतात, काही पदार्थांतनं आपोआप निघणारे गॅमा किरण येतात.

मोबाईल टॉवर, वायफाय, मायक्रोवेव्ह यात येत नाहीत. मूठमूठ रेती कौलावर टाकत बसलात तर दिवसभरात एक कौल फुटणार नाही, पण धोंडा एकच नीट बसला की फुटतं. टॉवरच्या लहरी रेतीसारख्या, कितीही असल्या तरी एकेकीत इलेक्ट्रॉन उडवायचा दम नाही. एक्सरेचा एकेक कण धोंडा असतो.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली एक्सरे शोधले आणि वर्षभरात जगभर दवाखान्यांत मशिनं लागली, पण हे किरण भाजतात हे कळायला वेळ लागला. एडिसनच्या कारखान्यात क्लॅरेन्स डॅली नावाचा मदतनीस ट्यूब तपासायला स्वतःचा हात मध्ये धरायचा, रोज, अनेकदा. हातांना जखमा झाल्या, कॅन्सर झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा डॉक्टर आणि तंत्रज्ञांचं स्मारक उभं केलंय, दगडावर नावं कोरलीत. आज एक्सरे रूमच्या दारावर जे नियम चिकटवलेले असतात आणि जे वाचायला कुणाला वेळ नसतो ते या लोकांच्या हातांची किंमत मोजून आलेत.

टॉर्च आणि गुलाल

आता आत्त्याचा प्रश्न. समजा अंधारात कुणी तुमच्यावर टॉर्च मारली. टॉर्च बंद केली की तुमच्या अंगावर उजेड राहतो का? नाही. तुम्ही दुसऱ्याला जाऊन मिठी मारली तर त्याच्या अंगावर उजेड पडतो का? नाही. एक्सरे आणि सीटी म्हणजे ही टॉर्च. मशीन विजेवर चालतं, बटण सोडलं की किरण संपले, मागं काही उरत नाही. अंगातनं जाताना पेशींना जो काय थोडाफार धक्का बसायचा तो बसतो, पण माणूस स्वतः किरणं सोडायला लागत नाही. आत्त्यानं नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

दुसरी गोष्ट गुलालाची. जोतिबाला चैत्र यात्रेला जाऊन आलेल्याला सांगायला नको, गुलाल डोंगरावर राहत नाही, तो केसात बसतो, कानात बसतो, गाडीच्या सीटवर येतो, घरी आल्यावर न गेलेल्या माणसाच्या पण अंगाला लागतो. किरणोत्सारी, म्हणजे आपणहून किरणं सोडणाऱ्या, पदार्थाची पूड सांडली तर ती अशी वागते. ती जिथं जाईल तिथं किरणं सोडत राहते, हाताला लागली की जेवणात जाते. याला कंटॅमिनेशन म्हणतात, मी गुलालच म्हणेन.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये हेच झालं. बंद पडलेल्या दवाखान्यात कॅन्सरच्या उपचाराचं जुनं मशीन तसंच पडून होतं, दोघांनी त्याचा भाग काढून नेला आणि भंगारवाल्याला विकला. आत सिझियम-१३७ ची पूड होती, अंधारात निळी चमकायची. लोकांना नवल वाटलं, पाहुण्यांना वाटली, कुणी अंगाला चोळून घेतली. चार जण दगावले, त्यात एक सहा वर्षांची पोरगी होती, जवळपास अडीचशे लोकांच्या अंगावर किंवा अंगात ती पूड सापडली आणि तपासणीसाठी एक लाखावर लोक स्टेडियममध्ये रांगा लावून उभे राहिले. विष आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ते प्रेमानं एकमेकांना वाटलं.

दवाखान्यात पण काही तपासण्या गुलालाच्या गटात येतात हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन असेल तर औषधच किरणोत्सारी असतं आणि ते शिरेतनं देतात. पण ते मुद्दाम लवकर विझणारं निवडतात. बोन स्कॅनचं टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, पेट स्कॅनचं फ्लोरीन तर दोन तासांच्या आतच. थायरॉइडच्या कॅन्सरला देतात ते आयोडीन-१३१ मात्र आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून मोठा डोस दिलेल्या पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि घरी आल्यावर काही दिवस लहान पोरं आणि गरोदर बायकांपासनं लांब राहायला सांगतात. तिथं आत्त्याची शंका बरोबर ठरली असती. त्यामुळं डॉक्टरला एकच विचारायचं: मशीननं फोटो काढलाय का औषध टोचलंय?

आकडे थोडे, पण हे लक्षात ठेवाच

रेडिएशनचा शरीरावरचा परिणाम मोजायचं एकक सिव्हर्ट. ते फार मोठं आहे, म्हणून रोजच्या वापरात त्याचा हजारावा भाग, मिलिसिव्हर्ट. काही न करता नुसतं घरात बसलेल्या माणसाला जमिनीतनं, हवेतनं, आकाशातनं आणि स्वतःच्याच अंगातल्या पोटॅशियममधनं जगाच्या सरासरीनं वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळं काही घरांत याच्या कितीतरी पट मिळतात, तिथल्या लोकांचा बरीच वर्षं अभ्यास झाला आणि कॅन्सर जास्त आढळला नाही. आपला दख्खनचा काळा कातळ याबाबतीत गरीब आहे, ग्रॅनाइटच्या मानानं त्याच्यातनं फार कमी येतं.

आता छातीचा एक एक्सरे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. दाताचा तर नगण्य. पोटाचा सीटी मात्र आठ-दहा मिलिसिव्हर्ट. म्हणजे एक सीटी हा शंभर किंवा जास्तच छातीच्या एक्सरेंबरोबर. लोक एक्सरेला घाबरतात आणि सीटीला "जरा भारीतला एक्सरे" समजतात, तिथं गफलत आहे.

नुकसान दोन तऱ्हेचं होतं. एक तव्याच्या चटक्यासारखं, ठराविक हद्द ओलांडली की होणारच, त्याखाली होत नाही. कातडी लाल व्हायला एका जागी दोन हजार मिलिसिव्हर्टच्या पुढं लागतं, आणि सगळ्या अंगावर एकदम चार हजार पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. दुसरं हायवेवरच्या प्रवासासारखं, प्रत्येक फेरीत अपघाताची बारीक शक्यता, फेऱ्या वाढल्या की शक्यता वाढते, पण कुठली फेरी हे सांगता येत नाही. कॅन्सर या दुसऱ्या गटात. १० मिलिसिव्हर्टला जन्मभरात त्यातनं जीवघेणा कॅन्सर व्हायची शक्यता दोन हजारात एक एवढी वाढते असं धरतात. धरतात म्हणतोय कारण १०० मिलिसिव्हर्टच्या खाली परिणाम इतका बारीक असतो की मोजणीत नीट सापडत नाही, म्हणून सावधगिरी म्हणून वरच्या आकड्यांवरनं सरळ रेघ खाली ओढलीय. आणि एरवीच आपल्यातल्या कितीतरी जणांना कॅन्सर होतो, त्यापुढं हा दोन हजारातला एक किती हे ज्याचं त्यानं बघावं.

मग डॉक्टर सीटी सांगतो ते काढायचं का नाही

काढायचं, गरज असेल तर बिनधास्त काढायचं. डोक्याला मार लागून रक्तस्राव झालाय का बघायचंय आणि घरचे "किरणं नकोत" म्हणून अडून बसलेत हे मी डोळ्यांनी बघितलंय, हा वेडेपणा आहे. तिथं अर्धा तास उशीर झाला तर माणूस जाईल.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. किरणांत काम करणाऱ्यांना आपल्याकडं पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टची, म्हणजे वर्षाला सरासरी २० ची मर्यादा आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुमच्या आमच्यासारख्या लोकांना असल्या कामांमुळं वर्षाला १ च्या वर जाता कामा नये. पण पेशंटला मर्यादाच नाही! कारण कुठल्या पेशंटला किती फोटो लागतील हे कायद्यानं ठरवता येत नाही, कॅन्सरच्या उपचारात तर मुद्दामच प्रचंड डोस देतात. त्याच्या जागी दोन अटी आहेत, एक म्हणजे तपासणीचा फायदा धोक्यापेक्षा जास्त पाहिजे, आणि दुसरी, कामाला पुरेल एवढ्या कमीत कमी डोसमध्ये ती झाली पाहिजे. या अटी पाळल्या जातात का हे बघायला तिथं पोलीस नसतो, डॉक्टरची सदसद्विवेकबुद्धी आणि पेशंटचा एक साधा प्रश्न एवढंच असतं.

तो प्रश्न विचारायला लाजू नका. "डॉक्टर, सोनोग्राफीवर किंवा एमआरआयवर भागेल का?" या दोन्हीत हे रेडिएशन नसतं. आणि जुन्या फिल्म, सीडी जपून ठेवा. एका दवाखान्यातनं दुसऱ्या दवाखान्यात गेलं की तीच तपासणी परत होते, का तर जुना रिपोर्ट घरी पलंगाखाली राहिला. पोरांच्या बाबतीत तर जास्तच, त्यांच्या पेशी वाढत्या असतात आणि पुढं आयुष्य लांब पडलेलं असतं. ऑफरमध्ये मिळतंय म्हणून काही त्रास नसताना सीटी काढून घेणं मात्र अजिबात करू नका.

गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगा, दारावर पाटी असते ती त्यासाठीच. पण आधी कळलं नाही आणि एक एक्सरे होऊन गेला, तर घाबरून भलता निर्णय घेऊ नका. पोटातल्या बाळाला १०० मिलिसिव्हर्टच्या खाली डोस गेला असेल तर त्या कारणावरनं गर्भ पाडायची गरज नाही असं आंतरराष्ट्रीय पातळीवरचे तज्ज्ञ सांगतात, आणि साध्या एक्सरेचा डोस त्याच्या फार फार खाली असतो.

"पण मग तो टेक्निशियन का पळतो?"

हा प्रश्न हमखास येतोच. एवढं सुरक्षित आहे तर फोटो काढताना तो भिंतीमागं का जातो? कारण तुमचा फोटो वर्षातनं एखादा, त्याचे दिवसाला साठ-सत्तर. तुम्ही एकदा हायवे ओलांडता, तो दिवसभर हायवेवर उभा असतो. त्यानं भिंतीमागं जायलाच पाहिजे, आणि तो जात नसेल तर काळजी करा.

दवाखान्यात माझा जीव तुटतो तो ऑपरेशन थिएटरमधल्या सी-आर्मसाठी. हाडाचं ऑपरेशन करताना स्क्रू नीट बसतोय का हे लाईव्ह बघायचं मशीन. पाण्याचा पाईप भिंतीवर मारला की शिंतोडे उडतात तसे एक्सरेचे शिंतोडे पेशंटच्या अंगावरनं उडतात, आणि तिथं उभ्या असलेल्या लोकांना मिळणारं जवळपास सगळं रेडिएशन या शिंतोड्यांचं असतं. ते ज्या बाजूनं किरण आत जातात तिकडं सगळ्यात जास्त. म्हणून ट्यूब टेबलाच्या खाली ठेवायची, म्हणजे डोक्या-डोळ्यांकडं कमी येतात. आणि पेशंटपासनं अर्ध्या मीटरवर उभा असलेला माणूस एक मीटरवर सरकला तरी त्याचा डोस साधारण चौथाईवर येतो. एक पाऊल मागं, बाकी काही खर्च नाही.

सर्जनला एप्रन असतं. वॉर्डबॉयला असतं का? एका ठिकाणी, नाव घेत नाही, थिएटरमध्ये चार एप्रनं आणि आत माणसं सहा, हे मी बघितलंय. त्यातलं एक एप्रन घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं होतं. आत शिशाचा पातळ थर असतो, घडी पडली की तिथं चीर जाते, वरनं कापड चांगलं दिसतं आणि चिरेतनं किरण सरळ आत. एप्रन हँगरलाच लटकवायचं आणि वर्षातनं एकदा त्याचाच फोटो काढून चीर आहे का बघायचं. त्याच ठिकाणी सगळ्यांचे बॅज हरवू नयेत म्हणून ऑफिसच्या कपाटात एका हुकाला टांगलेले होते.

हा बॅज म्हणजे टीएलडी, छातीवर लावायचा, एप्रन असेल तर त्याच्या आतनं. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन बारक्या चकत्या असतात, त्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये तापवल्या की उजेड सोडतात, त्या उजेडावरनं डोस कळतो. बॅज वाचवत नाही, तो लाईटचं मीटर आहे, फक्त नोंद करतो. कपाटात टांगलेल्या बॅजनं तीन महिने कपाटाचा डोस मोजला, आणि रिपोर्ट आला सगळे ठणठणीत.

फाउंड्रीतला फोटो

आता माझ्या प्रांतात. व्हॉल्व्ह, पंप असलं कास्टिंग परदेशी जायचं असेल तर गिऱ्हाईक विचारतं, आत ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, नाहीत ना, श्रिंकेज, म्हणजे गार होताना आकसून पडलेली पोकळी, नाही ना? ते बघायला कास्टिंगचा फोटो काढतात, याला रेडिओग्राफिक टेस्टिंग म्हणतात, आम्ही नुसतं आरटी म्हणतो. जाड लोखंडातनं आरपार जायला दवाखान्यातला एक्सरे पुरत नाही, म्हणून इरिडियम-१९२ किंवा त्याहून जाडीला कोबाल्ट-६०. यांचा आणि एक्सरे मशीनचा मोठा फरक असा की यांना बटण नाही. इरिडियम ७४ दिवसांनी निम्मं होतं, कोबाल्टला सव्वापाच वर्षं लागतात, तोवर ते दिवसरात्र किरणं सोडतच असतात.

म्हणून तो सोर्स, करंगळीच्या पेराएवढा तुकडा, वायरच्या टोकाला बसवलेला, एका जड धातूच्या पेटीत ठेवतात. तिला आम्ही कॅमेरा म्हणतो. लांबनं हँडल फिरवायचं, सोर्स नळीतनं बाहेर कास्टिंगपाशी जातो, ठरलेला वेळ थांबायचं, हँडल उलटं फिरवायचं, सोर्स परत घरात.

वाचायचे मार्ग तीनच आहेत आणि ते गुऱ्हाळावर काम केलेल्या कुणालाही कळतील. चुलवणाच्या तोंडाशी जळण सारणारा गडी काय करतो? पटकन सारतो आणि बाजूला होतो, लांब दांडकं वापरतो, आणि मध्ये आडोसा असेल तर आडोशाला बसतो. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये भिंत, इथं पण तेच. फक्त चुलवणाची धग लागते, माणूस आपोआप मागं सरतो. हिची धग लागतच नाही. सोर्स हातात धरला तरी गार लागतो.

अंतराची ताकद बघा. वीस क्युरीचा (क्युरी म्हणजे सोर्सची ताकद मोजायचं माप) इरिडियमचा सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर तासाला साधारण ८० ते १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे कामगाराचा वर्षाचा कोटा बारा-पंधरा मिनिटांत संपला. दहा मीटरवर तोच तासाला सुमारे १. शंभर मीटरवर त्याच्याही शंभरावा भाग. आणि उलट जवळ गेलात, एक सेंटीमीटरवर, तर मिनिटाला दहा-पंधरा हजार मिलिसिव्हर्ट.

हा शेवटचा आकडा कागदावरचा नाही. पेरूमध्ये यानांगो इथं १९९९ साली एका वेल्डरला जमिनीवर पडलेला चकचकीत तुकडा दिसला, कॅमेऱ्यातनं निसटलेला इरिडियमचा सोर्स होता तो. त्यानं उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि दिवसभर काम केलं. त्याचा पाय कापावा लागला. त्याची काय चूक होती? कामाची वस्तू पडलेली दिसली, उचलून ठेवली, आपल्याकडं कुठलाही चांगला हेल्पर हेच करेल.

म्हणून आरटीवाल्याच्या हातात सर्व्हे मीटर, म्हणजे किरणं मोजायचं यंत्र, आहे का हे बघा. हँडल पूर्ण उलटं फिरलं म्हणजे सोर्स आत गेला असं नसतं, मध्ये अडकू शकतो, वायरवरनं सुटू शकतो. मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आणि नळीभर चालत जाऊन खात्री केल्याशिवाय पुढचं काम नाही. मी एकदा रात्रपाळीत बंद मीटर कमरेला लावून हिंडणारा माणूस परत पाठवला होता, बॅटरीच नव्हती त्यात, शिफ्टचा फोटो बुडाला म्हणून मला बोलणी पण बसली, आणि आज परत तशी वेळ आली तर परत पाठवीन. दोरी बांधलेली असेल, लाल दिवा लागलेला असेल तर शॉर्टकट म्हणून आतनं जाऊ नका. आणि दवाखान्यातलं एप्रन घालून इथं उभं राहणाऱ्यांनी ऐका, अर्धा मिलिमीटर शिसं गॅमासमोर जवळपास निरुपयोगी आहे. इरिडियमला निम्मं करायलाच पाच-सहा मिलिमीटर शिसं लागतं, कोबाल्टला त्याच्या दुप्पट.

भंगार, म्हणजे आपला खरा प्रश्न

हे सगळे सोर्स कधीतरी जुने होतात, कंपनी बंद पडते, मालक बदलतो, आणि कुणाला माहीत नसलेली जड पेटी भंगारात जाते. दिल्लीत २०१० साली एका विद्यापीठानं वापरात नसलेलं कोबाल्ट-६० चं मशीन लिलावात विकलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, तुकडे दुकानादुकानात गेले. एकाचा जीव गेला, आणखी सात जण भाजून, आजारी होऊन दवाखान्यात पडले.

आणि भट्टीत गेलं तर? मेक्सिकोत १९८३ च्या शेवटी कॅन्सरच्या मशीनमधलं कोबाल्ट भंगारात गेलं, वितळलं, त्याच्या सळ्या झाल्या, टेबलाचे पाय झाले. सळ्यांचा एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेजवळनं गेला आणि गेटवरचा अलार्म वाजला म्हणून कळलं. पुढं त्या सळ्या घातलेली शेकडो घरं पाडावी लागली. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, ते स्टील भारतात वितळलेलं होतं. आणि २०२५ मध्ये अमेरिकेत इंडोनेशियाच्या कोळंबीत सिझियम-१३७ सापडल्याची बातमी आली होती. कोळंबीत कुठनं आलं असेल? चौकशीत बोट गेलं ते जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या भंगार वितळवणाऱ्या कारखान्याकडं.

फाउंड्रीवाल्यांनी यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कोबाल्ट लोखंडाचा भाऊ, तो वितळून मालातच मिसळतो, म्हणजे तुमचं कास्टिंगच किरणोत्सारी होतं. सिझियम सातशे डिग्रीच्या आतच उकळतं, त्यामुळं ते धुरातनं वर जातं, फिल्टरच्या धुळीत बसतं, उरलेलं आसपासच्या शिवारात. माल तपासला तर क्लीन, आणि धूळ काढणारा पोरगा मात्र त्या धुळीत. म्हणून भट्टीच्या आधी पकडलं तरच पकडलं.

"एवढ्या लहान फाउंड्रीला हे कसं परवडणार?" असं मला एका मीटिंगमध्ये विचारलं. मोठ्या कारखान्यांसारखं गेटला पोर्टल, म्हणजे अख्खी गाडी तपासणारी कमान, बसवणं नाही परवडणार, मान्य. पण हातातला सर्व्हे मीटर भट्टीच्या एका लायनिंगच्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या, खर्चापुढं फार नाही, आणि दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून एक घेतला तरी चालतो. गाडी आली की भोवती फिरवायचा, आणि माल उतरताना परत एकदा, कारण ढिगाच्या मध्ये लोखंडाखाली दडलेला सोर्स बाहेरनं दिसत नाही. नेहमीच्या रीडिंगपेक्षा काटा वर गेला की थांबायचं. आणि परदेशातनं एकदा कंटेनर परत आला तर काय परवडतं ते निर्यात करणाऱ्यांना सांगायला नको.

सरकार बघत नाही का? बघतं. १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, एईआरबी, मुंबईत. एक्सरे मशीनपासनं आरटीच्या कॅमेऱ्यापर्यंत प्रत्येकाला त्यांची परवानगी लागते, रेडिओग्राफी एजन्सीला सुरक्षा अधिकारी म्हणजे आरएसओ ठेवावा लागतो. पण मंडळाचा माणूस तुमच्या वजनकाट्यावर उभा राहणार नाही. काम देताना एजन्सीकडं परवानगीचा कागद मागा, भाव कमी लावला म्हणून कागद नसलेल्याला बोलवू नका, एवढं तर आपल्याच हातात आहे.

त्या डबड्याचं काय झालं

मित्राला मी फोनवरच ओरडलो, आधी सगळी माणसं लांब काढ, पन्नास मीटरवर दोरी बांध, कुणी हात लावायचा नाही, फोडायचं नाही, पुरायचं नाही, आणि भंगारवाल्याला परत तर अजिबात द्यायचं नाही, नाहीतर ते दुसऱ्याच्या भट्टीत जाईल. ज्यांनी ते ट्रकमधनं उतरवलं त्यांची नावं लिहून ठेव. एका एजन्सीच्या आरएसओला घेऊन मी तासाभरात पोचलो. तो लांबनंच मीटर चालू करून, रीडिंग बघत, एकेक पाऊल टाकत गेला. काटा हलला नाही, आसपासच्या जमिनीएवढंच रीडिंग. आत शिशाची पोकळी होती, रिकामी. सोर्स कधीतरी कुणीतरी नीट काढून घेतला होता. तरी फोटो आणि पेटीवरचा नंबर एईआरबीला कळवला, कारण अशी पेटी भंगारात यायलाच नको होती.

आत्त्यानं त्याच संध्याकाळी नातवाला मांडीवर घेतलं, टॉर्च आणि गुलाल तिला एका दमात पटलं होतं. मित्राला पटायला ती दोरी बांधून घालवलेली दुपार लागली. आता त्याच्या वजनकाट्याच्या खिडकीत एक पिवळा मीटर लटकतोय. ट्रक आला की वॉचमन तो घेऊन गाडीभोवती फिरतो आणि मगच काट्याची चिठ्ठी देतो. पहिला आठवडा ड्रायव्हर लोकांनी लई कुरकूर केली, उशीर होतो म्हणून. परवा मी तिथं उभा होतो तर एक ड्रायव्हरच खाली उतरून वॉचमनला सांगत होता, "मागली बाजू राहिली की ओ मामा, तिकडनं पण फिरवा."